कुणी न निवडलेली माणसं

निवृत्त झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात मला मंत्रालयातून फोन आला. मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते, हात तिखटाचे होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या गृहस्थांना घाई होती.

"मॅडम, तुमचं नाव तज्ज्ञ सदस्य म्हणून पुढे जातंय. हरकत नाही ना?"

"कशातली तज्ज्ञ?"

"पाणीपुरवठा असं लिहिलंय इथे."

ते खरं होतं. शासकीय तंत्रनिकेतनात मी उभी नोकरी मुलांना पाण्याच्या वाहिन्या आणि टाक्या शिकवण्यात घालवली. "पण माझं नाव सुचवलं कुणी?" मी विचारलं.

"ते माझ्यासमोर नाही, मॅडम. हो म्हणू ना?"

मी हो म्हटलं. नवरा खाली पेपर वाचत होता, तो धावत वर आला आणि माझ्याआधी त्यानेच चार लोकांना फोन करून सांगितलं. त्या रविवारी कॉलनीतल्या विहारात माझा सत्कार झाला. शाल, गुलाबाचं फूल, आणि आपली लेक एवढ्या मोठ्या ठिकाणी बसली म्हणून एक लांबलचक भाषण. मला आनंद झाला नाही असं नाही. पण भाषण चालू असताना माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्यांना एक बाई हवी असेल, एक आमच्यातलं माणूस हवं असेल, एका खुर्चीत दोन्ही कामं झाली. शिवाय निवृत्त शिक्षिका, म्हणजे फार बोलणार नाही. हा स्वभाव मला आईकडून आला. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. बाजारात कुणी जोखून झाल्यावर मूठभर शेंगा वरून घातल्या, की आई खूश व्हायच्या ऐवजी तागडी निरखून बघायची.

ज्या प्राधिकरणावर मला घेतलं ते घोटीच्या आजूबाजूच्या काही गावांसाठी नवंच नेमलेलं होतं. हायवे तिथून जातो, जवळ धरणं आहेत, डोंगर आहेत, मुंबईची माणसं शनिवार-रविवार तिकडे येतात. या गावांचा नियोजनबद्ध विकास करायचा, रस्ते आखायचे, बांधकामाच्या परवानग्या द्यायच्या, असं त्याचं काम. गावांना ग्रामपंचायती होत्याच. पण आता कुणालाही घरावर एक खोली चढवायची झाली तरी नाशिकला आमच्या ऑफिसात येऊन विकास शुल्क भरावं लागे. आणि आम्हाला, म्हणजे त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांना, त्या गावांतल्या एकाही माणसाने मत दिलेलं नव्हतं. अध्यक्ष एक वरिष्ठ अधिकारी होते, बदलीवर आलेले आणि बदलीवर जाणारे. बाकीचे सरकारने नेमलेले.

माझी मोठी बहीण त्याच गावांपैकी एकात दिलेली. भाताची शेती, दोन म्हशी, आणि ताई स्वतः ग्रामपंचायतीची सदस्य. त्यासाठी ती पावसापाण्यात दारोदार फिरली होती, ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांच्याही ओट्यावर जाऊन बसली होती. मी तिला फोनवर माझी बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "बारके, लय झाक झालं. पण तुला मतं कुणी दिली?"

"मतं नसतात गं याला. नेमणूक असते."

"बरंय बाई तुमचं," ती हसून म्हणाली.

पहिल्या बैठका साध्या होत्या. मुंबई नाक्याकडच्या एका इमारतीत भाड्याने घेतलेलं ऑफिस, एसी इतका की मी शाल घेऊन जायला लागले. एका गावाची पाण्याची लाईन चढावरून उलटी नेलेली मी दाखवून दिली, ती बदललीही. मला वाटायला लागलं, उगाच आपण शंका काढल्या. त्या काळात शहरातही नगरसेवक उरलेले नव्हते. मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, सगळा कारभार प्रशासकांच्या हातात. गल्लीतलं गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं हेच कुणाला कळत नव्हतं. निदान आपण कुठेतरी बसून चार कामं करतोय, असं मी स्वतःला सांगायचे.

मग पावसाळा संपता संपता तो विषय आला. धरणाच्या वरच्या अंगाला, पाणी दिसेल अशा माळावर, एक परिषद आणि पर्यटन केंद्र. पडद्यावर चित्रं सुरू झाली: मोठं हॉटेल, लग्नाची लॉन, पोहण्याचे तलाव, गोऱ्या कातडीची माणसं छत्रीखाली बसलेली. मुंबईहून आलेला तरुण सल्लागार समजावून सांगत होता. मुलगा हुशार होता, बोलायला गोड. केंद्र एक खासगी कंपनी बांधणार, तीच चालवणार, नफा तिचा. पैसे मात्र प्राधिकरण उभे करणार. त्यासाठी बाजारात रोखे काढायचे, म्हणजे प्राधिकरणाच्या नावावर कर्ज घ्यायचं. कंपनी दरवर्षी भाडं देईल आणि त्या भाड्यातून कर्ज फिटेल.

मी हात वर केला. वर्गात मुलं करायची तसा.

"कंपनीने भाडं दिलं नाही तर?"

"मॅडम, तो अगदी रिमोट सिनॅरिओ आहे."

"रिमोट म्हणजे होणारच नाही, की उशिरा होईल?"

दोघं-तिघं हसले. सल्लागारही हसला. "तशी वेळ आलीच तर प्राधिकरणाचं उत्पन्न आहे ना तारण."

"प्राधिकरणाचं उत्पन्न म्हणजे विकास शुल्क?"

"मुख्यतः."

"म्हणजे हॉटेल चाललं तर कंपनीचं, आणि नाही चाललं तर गावात खोली बांधणाऱ्याने भरायचं?"

यावर कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्राधिकरण म्हणजे आपण सगळेच आहोत. आपण काय गावाचं वाईट करू?"

"साहेब, मी माझ्या पेन्शनमधून काही भरणार नाही. आणि तुमची तोवर बदली झालेली असेल."

मी हे जरा जास्तच फटकन बोलले. माणूस तसा सभ्य होता. त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि चहा मागवला. बाहेर पडताना बिल्डरांच्या संघटनेकडून आलेले एक सदस्य लिफ्टमध्ये माझ्याशेजारी उभे राहिले. "मॅडम, तुमचे प्रश्न फार चांगले असतात," ते म्हणाले. लिफ्ट खाली येईपर्यंत आणखी काही बोलले नाहीत. मी घरी येईस्तोवर त्या एका वाक्याचा कीस पाडत होते.

त्यानंतर गोष्टी घडायला लागल्या. घडल्या म्हणजे, कदाचित त्या तशाही घडल्या असत्या. आमच्या कॉलनीसमोरचा रस्ता कित्येक वर्षं खड्ड्यांत होता, त्याच्यावर एका सकाळी डांबर पडलं. दिवाळीला सुक्या मेव्याची पेटी आली, एका माणसाला एका हाताने उचलता येऊ नये इतकी जड. वर नाव नव्हतं. कुणाची ते कळलं की परत करायची म्हणून मी ती कपाटावर ठेवली, आणि संध्याकाळी पाहते तर नवऱ्याने फोडून काजू खायला सुरुवात केलेली.

"कुणाची आहे माहीत तरी आहे का?"

"काजू काय कुणाचे असतात?" तो म्हणाला. "अगं, रस्ता महापालिकेने केला, तुझ्या प्राधिकरणाचा इकडे काय संबंध? तुला हल्ली प्रत्येक पेढ्यात खडा दिसतो."

त्याचं चुकत नव्हतं. मी शेजाऱ्यांकडेही संशयाने बघायला लागले होते. कुणी नमस्कार केला तरी वाटायचं, याला काय पाहिजे? जुनी एक विद्यार्थिनी भेटायला आली, आता ती मोठ्या बांधकाम कंपनीत आहे, तिला मी चहा दिला पण ती कधी उठते याची वाट बघत होते. बिचारी फक्त लग्नाची पत्रिका द्यायला आली होती.

भाताची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती तेव्हा मी ताईकडे गेले. घोटीपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी जीप. ओट्यावर ताई उभीच होती, आणि चेहरा असा की हिला काहीतरी सांगायचंय. पाणी हातात द्यायच्या आधीच म्हणाली, "भाच्याला नोकरी लागली तुझ्या. सुपरवायझर. वर माळावर ते हॉटेल होणार हाय ना, त्या कंपनीत. अजून काम चालू नाय, पर आत्तापासून पगार."

भाचा डिप्लोमा झालेला, तीन-चार ठिकाणी खटपट करून घरी बसलेला. मला बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, "कधी लागला?"

"झाले की आठ-पंधरा दिस."

मी मनात ताडून पाहिलं. म्हणजे बैठकीतल्या माझ्या प्रश्नांनंतर. "ताई, त्याला कुणी बोलावलं? ओळख कुणाची निघाली?"

ताईचा हात थांबला. "म्हंजे?"

"म्हणजे, काही नाही. विचारते आपली."

"म्हंजे माझ्या पोराला त्याच्या अकलेवर नोकरी लागूच शकत नाय का? तुमच्या शहरातल्या पोरांनाच लागती का?"

"तसं नाही गं…"

"तसंच हाय. तुला पेन्शन हाय, बारके. तुझी पोरगी पुण्यात कामाला हाय. आमचं कुठं काय बरं झालं की तुला त्यात काळंबेरं दिसतं."

जेवायला वाढलं तिने, नव्या तांदळाचा भात आणि वालाची आमटी, पण बोलली नाही. निघताना नेहमी ती बळेच तांदळाची पिशवी हातात कोंबते, त्या दिवशी कोंबली नाही. परतताना नाशिकजवळच्या विल्होळीपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत रडू आवरत होते.

पुढची बैठक लागली. मी तयारी करून गेले होते. असं कर्ज काढायच्या आधी विषय त्या गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवा, एवढीच माझी मागणी होती. ती मान्य होणार नाही हे मला ठाऊक होतं, तशी कायद्यात तरतूद नाही असं सांगतील हेही. मग मी विरोधात मत देणार होते आणि तो विरोध नोंदवून घ्या म्हणणार होते.

विषय आला. मी बोलायला उठणार, तेवढ्यात अध्यक्ष अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, त्याआधी एक नाजूक गोष्ट. तुमच्या भाच्याला त्या कंपनीत नोकरी लागली म्हणे. अभिनंदन."

"हो," मी म्हटलं.

"आनंदाची गोष्ट आहे. पण नियमाप्रमाणे, जवळच्या नातेवाइकाचा हितसंबंध असेल तर सदस्याने त्या विषयावर चर्चा आणि मतदान करू नये. तुमच्याच प्रतिष्ठेसाठी म्हणतो. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

लाच देऊन गप्प करतील असं मला वाटलं होतं. त्या तयारीत मी होते. पण इतकं सरळ, इतकं नियमाला धरून काही होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला विकत घ्यायची त्यांना गरजच नव्हती, फक्त बाहेर बसवायचं होतं. की खरंच योगायोग होता, आणि हे साहेब प्रामाणिकपणे नियम पाळत होते? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

"साहेब, नोकरी आधी लागली की माझा प्रश्न आधी आला, हे कुणी विचारणार आहे का?" मी म्हटलं.

"तुम्ही काय सुचवताय, मॅडम?"

मी काय सुचवत होते? माझ्या हातात काही नव्हतं. टेबलाभोवतीची माणसं समोरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत होती. सल्लागार लॅपटॉपकडे. लिफ्टमधले सदस्य मात्र माझ्याकडे बघत होते, आणि त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मी शाल उचलली आणि बाहेर आले.

बाहेर पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनजवळ एक बाक होता, त्याच्यावर बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने सगळे एकदम हसले. मग दार उघडून शिपायाने मला आत बोलावलं. ठराव एकमताने मंजूर झाला होता. एकमताने, कारण विरोध करणारी बाकावर बसली होती. पुढचा विषय पथदिव्यांचा होता. त्यावर माझं मत विचारलं गेलं आणि मी दिलं.

त्या रात्री मी ताईला फोन केला. भांडणानंतर पहिल्यांदाच. घडलं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, माझा संशयही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थांब, त्यालाच विचारते," आणि फोन चालू ठेवून तिने भाच्याला हाक मारली. मला त्याचा आवाज लांबून ऐकू येत होता. तो म्हणत होता, आधी त्यांचाच फोन आला होता, तुमची माहिती पाठवा म्हणून. अर्ज त्याने नंतर केला.

ताई परत फोनवर आली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मी त्याला नोकरी सोड म्हणणार नाय."

"मीही म्हणत नाही."

"पर मला हे आवडलं नाय, बारके. माझं पोर म्हंजे काय दाराला लावायची खुट्टी हाय का?"

पुढच्या ग्रामसभेला ताईने मला बोलावलं. सदस्य म्हणून नव्हे, तिची बहीण म्हणून मी मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात खुर्चीवर बसले आणि रोखे म्हणजे काय, तारण म्हणजे काय, हे तंत्रनिकेतनातल्या मुलांना सांगायचे तसं सांगितलं. मला वाटलं होतं लोक पेटून उठतील. तसं काही झालं नाही. निम्म्या लोकांना हॉटेल हवंच होतं. एकाने विचारलं, रस्ता चांगला होईल ना? दुसऱ्याने विचारलं, हॉटेलला दूध कोण घालणार? एक तरुण तर माझ्यावरच घसरला. "म्याडम, तुम्ही त्या टेबलावर बसताय ना? मंग इथं येऊन आम्हाला काय सांगताय? तिथंच थांबवायचं होतं." त्याला मी बाकाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाहेर जायलाच नको होतं." शेवटी ठराव झाला की प्रकल्पाला विरोध नाही, पण त्याच्या कर्जाचा भार गावाच्या विकास शुल्कावर टाकू नये. प्राधिकरणाकडून दोन ओळींचं उत्तर आलं: ग्रामसभेचा ठराव या विषयात बंधनकारक नाही.

माझी मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. माझ्या जागी एक तरुण प्राध्यापक आले. अध्यक्षांची बदली झाली. रोखे निघाले. माळावर हॉटेलचा सांगाडा उभा राहिला, एक बाजू चालूही झाली, लग्नाच्या मोसमात तिकडचा डीजे ताईच्या ओट्यावर ऐकू येतो. भाचा अजून तिथेच आहे, आता त्याच्या हाताखाली माणसं आहेत, आणि काम तो चांगलंच करतो असं सगळे म्हणतात. त्याला मुद्दाम घेतलं होतं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

मग कंपनीने प्राधिकरणाकडे भाड्यात सवलत मागितली. पाऊस लांबला, पर्यटक कमी आले, असं कारण. सवलत मिळाली. त्याच सुमारास विकास शुल्क वाढवायचा प्रस्ताव आला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, असं अधिकाऱ्यांनी पेपरात सांगितलं. पण दरवाढीवर हरकती ऐकणं त्यांना भाग होतं, आणि सुनावणी घोटीच्या एका मंगल कार्यालयात ठेवली.

मी नाशिकहून गेले. ताई आधीच आलेली होती, आणि तिच्याबरोबर बायका होत्या, फक्त तिच्या गावच्या नव्हे, शेजारच्या चार गावांच्या. प्रत्येकीच्या घरी कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी वेगळी चूल, कुणाला तरी मागच्या बाजूला खोली चढवायची होती. मंचावर नवे अध्यक्ष, तो सल्लागार, आणि कडेला तरुण प्राध्यापक. मी मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर.

ताई माईकजवळ गेली. माईक तोंडापासून इतका लांब धरला की साउंडवाला मुलगा येऊन जवळ करून गेला. ती म्हणाली, "सायेब, मला एकच सांगा. हॉटेलवाल्यांना भाडं कमी केलं, तवा त्यांची सुनावणी कुठं ठेवली हुती? आम्हाला कळलं असतं तर आम्ही पण आलो असतो."

मंगल कार्यालयात आवाज झाला. अध्यक्ष म्हणाले की तो प्रशासकीय निर्णय होता. ताई म्हणाली, "मंग हा पण तुमचाच निर्णय हाय ना? का आम्ही घेतलाय?" पाठीमागून बायका उभ्या राहिल्या. तासभर गोंधळ चालला. तरुण प्राध्यापक पुढे वाकून अध्यक्षांशी काहीतरी बोलले, सल्लागाराने नकारार्थी मान हलवली, प्राध्यापक परत बोलले. अखेरीस अध्यक्षांनी माईक घेऊन जाहीर केलं की राहत्या घरांसाठीच्या वाढीला सध्या स्थगिती देत आहोत.

टाळ्या वाजल्या. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी भेळ खात उभ्या होतो. ताईच्या कपाळावर घाम होता आणि ती खुशीत होती.

"स्थगिती म्हंजे रद्दच ना?"

"नाही. थांबवलंय फक्त."

"कुणी?"

"त्यांनीच."

"मंग परत कधी चालू करतील?"

"त्यांना वाटेल तेव्हा. आणि कर्ज तसंच आहे, ताई. ते कुठून तरी फेडावंच लागणार."

कागदातली शेवटची भेळ तिने तोंडात टाकली, हात पदराला पुसले आणि मोबाईल काढला. "मंग या बायकांचा एक ग्रुप करून ठेवते," ती म्हणाली, आणि काळी-पिवळीकडे निघालेल्या बायकांना हाका मारत एकेकीचा नंबर विचारायला लागली.